न्हाय मिस्त्री

मिस्त्रींच्या तोंडून पहिला शब्द यायचा तो "न्हाय". गिऱ्हाइकाने सेट टेबलावर टेकवायच्या आत यायचा. "न्हाय व्हायचा." मग ते सेटकडे बघायचे, मग गिऱ्हाइकाकडे, आणि दुसऱ्याकडे जरा जास्तच रागाने. बोर्ली पंचतनच्या बाजारात त्यांना पाठीमागे सगळे न्हाय मिस्त्री म्हणत. ज्याला ते "न्हाय" म्हणत त्याचा सेट आठ दिवसांत वाजायला लागायचा, हेही सगळ्यांना माहीत होतं. तरी त्यांच्या दुकानात पाय ठेवताना माणूस आधी दोनदा विचार करायचा.

ते मूळचे आगरदांड्याचे. तरुणपणी लाँचवरच्या वायरलेसची कामं करत शिकले आणि मग बोर्लीत पत्र्याचं दुकान घातलं. दुकानात बसायला दुसरी खुर्ची नव्हती. कुणी विचारलं तर म्हणायचे, "बसायला आलाव की सेट द्यायला?"

आमच्या घरात मात्र त्यांचं नाव काढायची बंदी होती. माझे वडील इथल्या हायस्कुलात हेडमास्तर होते. माझा काका बोटीवर नोकरीला होता. त्याने बाबांना जपानी रिसीव्हर आणून दिला होता, रेडिओ आणि अॅम्प्लिफायर एकातच. पुढे लांबलचक काचेची पट्टी, तिच्यामागे लहान दिवे, आणि चालू केला की सबंध पट्टीवर हिरवा, मऊ उजेड. बाबांचा त्यावर फार जीव. बावीस वर्षांपूर्वी ते दिवे गेले, तेव्हा मिस्त्रींनी ते बदलून दिले. घरी आणल्यावर बाबांना उजेड वेगळा वाटला. दिवे जळले नव्हतेच, नुसती वायर सुटली होती; मिस्त्रीने अस्सल जपानी दिवे काढून मुंबईच्या कुणा शौकिनाला विकलेन आणि आपल्याला भलतेच लावलेन, असं त्यांनी ठरवलं. नुसतं ठरवलं नाही, वाण्याच्या दुकानात चार माणसांसमोर बोलले. चोर हा शब्द वापरला.

निवृत्त झाले तरी हेडमास्तर, ते खोटं कशाला बोलतील? लोकांनी मानलं. मीही मानलं. लग्नाकार्याच्या लाउडस्पीकरची कामं श्रीवर्धनच्या माणसाकडे गेली. शाळेच्या स्नेहसंमेलनाचं काम गेलं. मिस्त्री रस्त्यात दिसले की मी मान वळवायची आणि तेही थुंकल्यासारखं तोंड करून दुसरीकडे बघायचे. अशी बावीस वर्षं गेली.

आता बाबा नव्वदीला आलेत. ऐकू जवळजवळ येत नाही, मी वहीत मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्याशी बोलते. तरी संध्याकाळी सेट लावतात. पेटीवर तळहात ठेवून बसतात आणि उजेडाकडे बघतात. यंदा ते दिवे पुन्हा गेले. आवाज येत होता, पण बाबांच्या लेखी सेट मेला. त्यांनी जेवणाचं ताट दोन दिवस परत पाठवलं. मी एलईडी मागवले आणि एका वायरमनकडून बसवून घेतले. पांढराफटक, निळसर, थरथरणारा उजेड पडला. बाबा म्हणाले, "हा दवाखाना कशाला आणलास घरात? काढ."

दुसरा इलाज नव्हता. मी रिक्षात सेट घातला आणि मिस्त्रींच्या दारात उभी राहिले.

"न्हाय," ते म्हणाले. सेट त्यांनी लांबूनच ओळखला होता. "मास्तराचा सेट या टेबलावर न्हाय येनार."

मी म्हटलं, "मिस्त्री, बाबा जेवत नाहीत."

"मग डागदरकडं ने."

मी तशीच उभी राहिले. सेट हातात, चांगला पंधरा किलोचा. पाच मिनिटांनी ते ओरडले, "ठेव आता खाली! पाडलास तर काच मी देनार न्हाय!"

वरचं झाकण काढून एलईडी पाहिले मात्र, त्यांचा जो तोल गेला! "कोन गाढवानं लावला ह्यो? ह्यो ट्रकचा हेडलाइट हाय का?" आठ व्होल्टचा, काचेच्या फ्यूजसारखा दिवा इथे लागतो, जास्त तापणारा लावला तर मागचा हिरवा कागद करपतो, हे त्यांनी मला सांगितलं, पण अशा सुरात, जणू तो कागद मीच करपवला होता. काचेवर धूळ दिसली म्हणून मी रुमाल ओला करून पुढे झाले, तर माझ्या हातावर फटका मारला. "अक्षरं मागनं छापलेली हायती! एका पुसन्यात सगळी स्टेशनं जातील. शिकवतेस काय शाळेत?"

मी चोपन्न वर्षांची, शाळेत शिकवणारी बाई. डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पाहिलं आणि सरळ दुर्लक्ष केलं.

वायरमनने ओढलेली एक वायर खालून गेली होती, म्हणून त्यांनी सेट उलटा करून खालचं झाकण उघडलं. झाकणाच्या आतल्या बाजूला, एका कोपऱ्यात, कागदाची पुडी चिकटवलेली होती. चिकटपट्टी पिवळी पडून कडक झाली होती, वर कोळ्याचं जाळं. मिस्त्रींनी ती बोटाने नुसती दाखवली. "काढ."

मी काढली. आत तीन जळके दिवे होते, काचा काळ्या पडलेल्या, पितळी टोपणांवर बारीक जपानी अक्षरं. कागदावर पेन्सिलीने लिहिलेलं: मास्तर, जुने ३.

काढलेला जुना माल ते नेहमी त्याच सेटच्या खालच्या झाकणात चिकटवून देत. सगळ्यांना देत. बावीस वर्षं ती पुडी आमच्याच घरात, बाबांच्या तळहाताखाली होती.

"मिस्त्री, तुम्ही तेव्हा सांगितलं का नाहीत?"

"सांगितला व्हता. माल आत हाय म्हनून मास्तराला एकदा सांगितला." ते जुन्या डब्यातून दिवे निवडत होते, एकेक मीटरला लावून बघत होते. "दुसऱ्यांदा सांगाया लागला की मानूस चोरच दिसतो."

तासाभरात पट्टी हिरवी झाली. मी काही बोलणार, तोच त्यांनी बटण बंद केलं. "ने. रस्ता मोकळा कर."

घरी बाबांनी उजेड पाहिला आणि पेटीवर हात ठेवला. मी पुडी त्यांच्यापुढे धरली, वहीत सगळं लिहिलं. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "त्यानेच आत्ता ठेवलीन ती. तू भोळी आहेस."

मला राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याच वाण्याच्या दुकानात जाऊन, बसलेल्या चार माणसांना ऐकू जाईल असं सांगितलं, की मिस्त्रींनी चोरी केली नव्हती आणि पुडी मी स्वतः काढली. वाटलं, एक ओझं उतरलं.

तिसऱ्या दिवशी मिस्त्री शाळेच्या फाटकाशी हजर. सगळ्या मुलांसमोर ओरडले, "माजी वकिली तुला कोनी सांगितली? बावीस वर्षं लोकांनी चोर म्हटला, मी जगलो. आता बिचारा म्हनतील! सकाळी एकजन चा पाजायला आला मला!" चहा त्यांनी अशा सुरात म्हटलं, जसं काही कोणी विष आणलं होतं.

त्यानंतर मी त्यांच्याकडे जात राहिले. आमची मैत्री झाली म्हणवत नाही. ते खेकसायचे, मी उलट बोलायला शिकले, आणि मला वाटतं त्यांना ते बरं वाटायचं. दिवाळीनंतर त्यांना धाप लागायला लागली. अलिबागला दवाखान्यात ठेवलं, तेव्हा मी भेटायला गेले.

"कशाला आलीस?"

"बघायला."

"सेट चालतोय?"

"चालतोय."

"दिवे?"

"तिन्ही."

"मग जा," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं. आठवड्याने मिस्त्री गेले.

मी बाबांना वहीत लिहून दाखवलं: मिस्त्री वारले. बाबांनी ते बराच वेळ वाचलं. मग म्हणाले, "चोर नव्हता तो."

मी लिहिलं: कधीपासून माहीत होतं?

"तेव्हाच. बाजारात बोललो, त्यानंतर आठवड्याभराने मी खालचं झाकण उघडलं होतं. पुडी दिसली. परत स्क्रू लावले."

"का?" हे मी लिहिलं नाही, ओरडले. ओठांवरून त्यांना कळलं.

"बोलून झालं होतं ना," बाबा म्हणाले. "सगळ्यांसमोर."

मी पिशवी घेतली आणि वाण्याकडे गेले. तीच माणसं बसली होती. बाबांनी झाकण उघडलं होतं, पुडी पाहिली होती, तरी गप्प राहिले, हे सगळं मी सांगितलं. वाणी वजन करता करता थांबला. "बाई," तो हळूच म्हणाला, "मास्तरांचं नाव कशाला घालवता आता, या वयात?"

"मिस्त्रींचं गेलं तेव्हा तुम्ही इथेच बसला होतात," मी म्हटलं, आणि साखर न घेताच परत आले.