लाल धाग्याचा भात

भाताच्या पोटातला वायू बाटलीत भरणारी पोरगी, अशी गावात माझी ख्याती होती. लोक हसायचे आणि मला राग यायचा, कारण ते खरंच होतं. दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. मी शेतीशास्त्र शिकत होते आणि भिवंडीबाहेर, दापोड्याच्या अंगाला असलेल्या आमच्या खाचरात माझं काम चालायचं. भाताच्या शेतात पाणी साचून राहिलं की चिखलात कुजणाऱ्या काडीकचऱ्यातून वायू तयार होतो आणि तो भाताच्या पोकळ दांड्यातून, धुराड्यातून निघावा तसा वर जातो. हवा तापवण्यात त्याचा हात मोठा. हा वायू कमी सोडेल आणि तरीही लोंबी भरलेली देईल, असा भात मला तयार करायचा होता.

आजूबाजूच्या खाचरांत मुरूम पडून केव्हाच गोदामं उभी राहिली होती. बाबांच्या मागेही एक दलाल हात धुऊन लागला होता. बाबा त्याला चहा पाजायचे आणि सांगायचे, "पोरीचा भात होऊ दे. झाला तं खाचर ठेवीन. न्हाय झाला तं मंग तुजाच हाय."

तो हसत निघून जायचा. मला मात्र बाबांचं ते बोलणं ऐकून घाम फुटायचा. आपण शिकायला आलोय की खाचर राखायला, तेच कळेनासं व्हायचं.

आमचा गावठी भात आणि बाहेरून आणलेला एक वाण यांचा मी संकर केला होता. त्यातून आलेल्या रोपांवर पारदर्शक पेटी उपडी घालायची, आतली हवा सिरिंजने ओढून बाटलीत भरायची आणि प्रयोगशाळेत न्यायची, हेच माझं काम. तिसऱ्या वर्षी मनासारख्या चुडी दिसायला लागल्या. चूड म्हणजे एका ठिकाणी लावलेल्या रोपांचा झुबका. मोजक्याच चुडी वायू कमी सोडत होत्या आणि त्यांच्या लोंब्याही झुकल्या होत्या. कागदाच्या चिठ्ठ्या पावसात विरघळायच्या, म्हणून त्या चुडींना मी लाल धागे बांधले.

सकाळी काही न खाताच मी खाचरात उतरायचे. पेटी लावताना कुणाशी बोलत नसे, तोंड बाजूला वळवून श्वासही जपून सोडायचे. आई बांधावर उभी राहून बघायची आणि काही न विचारता घरी जायची. मला वाटायचं, धागे कशाचे ते बाबांना सांगितलंय म्हणजे तिलाही ठाऊक असणार.

आमच्याकडे नवसाचं कुणी कुणाला विचारत नाही. धागा बांधलेला दिसला की नजर वळवायची. विचारलं तर नवस बाटतो. माझ्या जन्माआधी आईने वज्रेश्वरीला धागा बांधला होता आणि तो फिटेपर्यंत बाबांनी चकार शब्द काढला नव्हता, हे ती कौतुकाने सांगायची.

दसऱ्याच्या आधी मी प्रयोगशाळेत गेले ती दसऱ्याच्या दुपारीच परतले. बाटल्यांनी हवं तेच सांगितलं होतं. बसमधून उतरल्यावर चालताना मी एकटीच हसत होते. आता लाल धाग्याच्या लोंब्या कापून घेतल्या की बी हातात, आणि बाबांचं खाचर बाबांकडे.

दाराला झेंडू आणि नव्या भाताच्या लोंब्यांचं तोरण होतं. आईने आम्हा दोघांना पानावर बसवलं. नारळाच्या रसातला नव्या तांदळाचा गोड भात होता. मला सपाटून भूक लागली होती. सांगायचं ते जेवल्यावर सांगू म्हटलं.

"आई, काय सुरेख झालाय गं. अजून वाढ."

तिचा चेहरा फुलला. "गोड लागंलच. तुज्या नवसाचा हाय तो."

"कसला नवस?"

"आता बोललीस तरी चालंल बाय, लोंब्या भरल्या, फिटला तो. लाल धाग्याच्या सगल्या चुडी काल उपटल्या. धागे वज्रेश्वरीला बांधून आले, पयला घास देवीला दिला. पेंढा न् बुडखं खाडीत सोडलं. नवसाचं अर्धं ठेवाचं न्हाय."

बाबांचा हात ताटातच थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडात घास होता. तो मी गिळला.

एरवी मी भांडकुदळ. मीठ कमी पडलं तरी घर डोक्यावर घेणारी. त्या दिवशी माझी नजर आईच्या पायांवर गेली. पायाला फोड येईपर्यंत ही बाई माझ्यासाठी अनवाणी जाऊन आली होती. हिला काय सांगायचं? मी आणि बाबांनी ताटं पुसून खाल्ली.

संध्याकाळी खाचरात गेले. उभ्या भातात जिथून चुडी उपटल्या होत्या तिथे पाणी साचलं होतं. मागच्या वर्षीचं बी सगळं पेरून संपलं होतं, आणि प्रयोगशाळेतलं आमचं कामही त्या वर्षाअखेर गुंडाळायचं ठरलं होतं. बांधावर बसून मी पोटभर रडले. बाबा आले, शेजारी बसले. आईला काही सांगायचं नाही, हे आमचं न बोलताच ठरलं.

दलाल पुढच्या उन्हाळ्यात आला तेव्हा बाबांनी त्याला चहा पाजला आणि होकारार्थी मान हलवली.

मुरुमाचे डंपर आले त्या सकाळी आई आणि मी ओट्यावर उभ्या होतो. पहिला ढीग खाचरात पडला आणि धूळ आमच्यापर्यंत आली. आईने पदर नाकाला लावला. मग माझ्याकडे न वळता म्हणाली, "देवीला सगला दिला व्हता ना गो आपुन? एक बी चूड ठेवली नव्हती."

"हो आई," मी म्हटलं, "एकही ठेवली नव्हतीस."