दोन अंगांची गाडी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही. देवापुढंही नाही — हात जोडले की दुसरंच काहीतरी बोलून परत यायचो. तुमची-माझी ओळख ना पाळख, म्हणून तुमच्यापाशी जमेल असं वाटतंय. बघू.

मी ड्रायव्हर होतो. सोलापुरात चादरीच्या कारखान्याचे एक शेठ होते, त्यांची पांढरी अँबॅसॅडर चालवायचो. पंचविशीचं वय, अंगात लई मस्ती. कुणी काही अडचण सांगितली की छाती पुढं काढून म्हणायचो, शेठ माझ्या शब्दाबाहेर न्हाईत! आणि शेठ? ते मला नावानं हाकसुद्धा मारत नसत. 'ए ड्रायव्हर' म्हणत. पण हे कुणाला सांगणार?

अंबादास त्याच कारखान्यात नक्षी काढायचा. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी. चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन भरत मोर काढायचा, कमळं काढायचा, मग मागावर तसंच उतरायचं. हात असा की बघत राहावं. पण माणूस कुढायचा. म्हणायचा, "मारुती, चादरीवर लोक झोपत्यात रे. नक्षी बघतंय कोण?"

त्याच्या डोक्यात एकच खूळ — नक्षी रस्त्यावरनं पळाली पाहिजे. मोटारीवर. अख्ख्या मोटारीवर! बहात्तरचा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी शेठ सहकुटुंब तिरुपतीला गेले. गाडी माझ्या ताब्यात. आणि मी — का, कशासाठी, देव जाणे — त्याला म्हणालो, शेठना विचारलंय. व्हय म्हणालेत. रंगव तू.

विचारलं नव्हतं हो. माझी काय टाप होती विचारायची?

त्याच्या अंगणात गाडी लावली. मी पत्रा घासून द्यायचो, तो दोरीनं आखून चौकोन भरायचा. आमची चादर दोन्ही अंगांनी चालते, तुम्हाला ठाऊक असेल — वरून पांढऱ्यावर लाल मोर, उलटी केली की लालवर पांढरे. त्यानं गाडीही तशीच केली. डाव्या अंगाला पांढऱ्यावर लाल मोर, उजव्या अंगाला लालवर पांढरे. नव्या पेठेतनं चक्कर मारली तर रस्त्याच्या अलीकडचे म्हणाले पांढरी गाडी गेली, पलीकडचे म्हणाले छे, लाल! अंबादास मागच्या सीटवर हसून हसून लोळत होता. माणूस इतका खूश मी परत कधी बघितला नाही.

मला वाटलं, एवढं देखणं काम बघून शेठही खूश होतील, माझी थाप पचून जाईल. म्हणून तीच गाडी घेऊन त्यांना आणायला स्टेशनवर गेलो. अंबादास इस्त्रीचा शर्ट घालून आला. डिकीच्या कडीवर हात ठेवून उभा राहिला. म्हणाला, "डिकी मीच उघडणार. गंमत हाय."

शेठ बाहेर आले. हमाल हसत होते, टांगेवाले हसत होते. शेठचा चेहरा काळाठिक्कर. कुणाचे हे उद्योग, म्हणाले. अंबादास हसतच बोलला, "तुमीच व्हय म्हणालात की शेठ. मारुतीनं विचारलं हुतं." शेठ माझ्याकडं वळले.

मी म्हणालो — थांबा जरा — मी म्हणालो, "मी कशाला विचारू? मी तर वळसंगला होतो, आईकडं."

अंबादास माझ्याकडं बघत राहिला. चार लोकांत थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. त्यानं कडीवरचा हात तेवढा काढला. शेठ म्हणाले, कोण खोटं बोलतंय ते उद्या बघतो, आधी गाडी पांढरी करून आण. आणि टांग्यात बसून गेले.

अंबादासची नोकरी गेली. मालकाच्या वस्तूला न विचारता हात लावणारा, असा बोभाटा झाल्यावर दुसरा कुठला शेठ नक्षीला ठेवील? तो मागावर बसला, दुसऱ्यांची नक्षी विणत. पुढं कितीतरी वर्षांनी भाजी मंडईत समोर आला. "गाडी कशी हाय?" एवढंच विचारलं. मी म्हणालो, चालतीय.

तुम्हाला वाटेल, झालं, एवढंच. नाही. हे अर्धंच सांगितलं. खरं सांगायचं ते अजून तोंडातच आहे.

स्टेशनवरनं गाडी थेट रंगवाल्याकडं नेली. तिथं डिकी उघडली. झाकणाच्या आतल्या बाजूला, दोन मोरांच्या मध्ये, लालवर पांढरे चौकोन भरून भरून दोन नावं काढली होती. वर मारुती. खाली अंबादास. हीच त्याची गंमत. स्टेशनवर त्यानं कडी नुसती फिरवली असती तर मी तिथंच उघडा पडलो असतो. त्यानं फिरवली नाही.

मी काचकागद घेतला आणि माझं नाव पत्रा दिसेस्तोवर घासलं. वरनं लाल रंगाचा हात मारून घेतला. रंगवाला म्हणाला, खालचंबी घासू का?

मी म्हणालो, नको. शेठना दाखवायला लागेल.

दुसऱ्या दिवशी दाखवलं.