मावळतीची फेरी

आमचे मालक तात्यासो म्हणजे हट्टाचं गाठोडं. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्यांनी बस्तीत, म्हंजे आमच्या जैन देवळात, मुनिमहाराजांपुढं नेम घेतला: सूर्य मावळल्यावर अन्न न्हाय, पाणी न्हाय. चव्वेचाळीस वर्षांत एकदाबी मोडला न्हाय. तापानं फणफणले तरी न्हाय, पोरीच्या लग्नातबी न्हाय.

मग शुगर निघाली. गेल्या उन्हाळ्यात आरोग्य केंद्र, आमची बस्ती आणि पेठेतली तालीम अशा तिघांनी मिळून कळंब्याच्या तलावावर चालायचा गट काढला. केंद्राच्या अवंतिका सिस्टरनी तात्यासोंच्या गळ्यात शिट्टी अडकवली आणि त्यांना म्होरक्या केलं. झालं! माणूस दहा वर्षांनी लहान झाला. घरोघरी जाऊन, दम देऊन, नव्वद जण गोळा केले त्यांनी.

तेव्हा सूर्य सातला मावळायचा. साडेपाचला फेरी, आल्यावर निवांत जेवण. दिवाळी झाली आणि दिवस आखडला, सहालाच अंधार पडाय लागला. नोकरीवाल्यांसाठी फेरीची वेळ मात्र तीच राहिली. सिस्टरनी बजावलंतं, "काका, शुगरची गोळी घेतली की लगेच जेवायचं, नाहीतर साखर एकदम खाली येते. जेवून मगच चालायचं." मला धास्तीच बसली. रोज कॅलेंडरात सूर्यास्त बघायची मी, आणि तो मिनिटामिनिटानं अलीकडं सरकत होता.

त्या दिवशी गट बघायला मोठे डॉक्टर येणार होते. आमच्या भांड्याच्या दुकानात लग्नाचं गिऱ्हाईक अडकलं, हे घरी आले तेव्हा पाच वाजून वीस मिनिटं झालती. गोळी गिळली, मी ताट वाढलं, तेवढ्यात फोन वाजला. डॉक्टर पोचले. हे उठलेच.

"अहो, दोन घास तरी खावा की!"

"आल्यावर."

"आल्यावर सूर्य असतोय व्हय?"

"मग उपास. आठ-आठ दिवस उपास केलेत मी. एका रातीनं काय आभाळ कोसळतंय?"

उपास जुने होते, गोळी नवी होती. एवढं माझ्या अडाणी डोक्याला कळत होतं, त्यांच्या शहाण्या डोक्याला न्हाय. असा संताप आला! चप्पल सरकवली आणि मीबी मागनं निघाले.

अर्धी फेरी होईस्तोवर सूर्य पाण्याला टेकला. वारं गार होतं, तरी यांचा सदरा पाठीला चिकटलेला. शिट्टी भलत्याच वेळी वाजत होती. तालमीचा केरबा हसला, "तात्यासो आज लई जोरात हायत की!" मला काय ते बरं वाटलं न्हाय. जवळ गेले तर माझा हात धरून म्हणतात, "अव्वा, घरला जाऊया." त्यांची अव्वा, माझी सासू, जाऊन वीस वर्षं झालीत.

दहा पावलांवर ते बांधावरच बसले. सिस्टर पळत आल्या, पाण्यात साखर ढवळून ओठाला लावली. यांनी दात आवळले.

"मावळला न्हवं?" जीभ जड झालती.

सूर्य कधीच गेलता. केरबा बोलायला तोंड उघडणार, मी त्याच्याकडं असं बघितलं की तो गप झाला.

"न्हाय ओ," मी म्हणाले. "ढगाआड गेलाय. प्या पटकन."

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि तोंड उघडलं.

थोड्या वेळानं माणूस भानावर आला. माझा जीव भांड्यात पडला, रडूच फुटलं. त्यांनी डोळे पुसून भोवती बघितलं. तलावाकाठचे दिवे लागलेले, वर चांदण्या. मग परत माझ्याकडं बघितलं. रिक्षात माझ्याकडं पाठ करून बसले. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

फेरी आता सकाळी असते, सिस्टरनी हट्टानं बदलून घेतली. पण संध्याकाळी मी जेवायला हाक मारली की हे आधी गच्चीवर जातात. एकोणचाळीस वर्षं माझ्या शब्दावर पाटावर बसलेला माणूस आता सूर्य स्वतः बघून येतो, मग जेवतो.

परवा आभाळ भरून आलं. पाचलाच काळोखी. हे गच्चीवरनं खाली आले आणि ताटाकडं बघितलंबी न्हाय. मी घड्याळ दाखवलं, कॅलेंडर दाखवलं, पाया पडले.

"डोळ्यांनी बघितल्याबिगर आता न्हाय," म्हणाले.

गोळी मात्र घेऊन झालती. सिस्टरना फोन लावून मी रातभर उशाशी बसले. मृग आठ दिवसांवर आलाय, आणि पावसाळ्यात आमच्या कोल्हापुरात पंधरा-पंधरा दिवस सूर्य दिसत न्हाय.