तुंगार्लीच्या बंगल्यातला मुद्देमाल

ती घटना विसरावी असं फार वाटतं, आणि नेमकी तीच आठवते.

मी लोणावळ्यात निरीक्षक होतो. तुंगार्लीतल्या एका बंगलेवाल्याने खबर दिली की, शेजारी रोज सकाळी माणसं येतात, एक बाई त्यांना गोळ्या देतात आणि सगळे गुपचूप बसून राहतात. दोन पंच घेऊन मी छापा घातला. बाकावर सात जण. नाव विचारलं तर एकही बोलेना. म्हटलं, टोळी मुरलेली आहे. सुदुंबऱ्याच्या एका कामगाराला दरडावून तोंडातली गोळी कागदावर थुंकायला लावली आणि ऐटीत सील केली.

त्या बाई डॉक्टर होत्या. सांगत होत्या, हे गर्दचं, म्हणजे ब्राउन शुगरचं, व्यसन सोडवायचं औषध आहे, जिभेखाली विरघळेपर्यंत बोलायचं नसतं, परवाना भिंतीवर आहे. परवान्याला पाठ लावून मीच उभा होतो. औषधाचं कपाटही सील केलं आणि बाई व त्या कामगारासह ठाण्यात आणलं.

ठाण्यात चौकशीला बसवलं तर कामगार जांभया देतोय, नाक गळतंय, अंगावर काटा. जादा पाळीमुळे त्याची आदल्या दिवशीची गोळीही चुकली होती. काही निघेना, तेव्हा दुपारी त्याला सोडलं.

तासाभराने औषध निरीक्षक आले. रजिस्टर आणि पंचनाम्यातली गोळ्यांची संख्या ताडून पाहिली आणि हळूच म्हणाले, "साहेब, गुन्हा कोणता?"

तेवढ्यात कामगाराची बायको दारात. "सायब, पाच म्हैनं झालं, पुडीला हात लावला न्हाई त्यांनी. आज तितं गेलं तर परत न्हाई यायचं. कुटं सोडलं तुमी त्यांना?"

मला काय ठाऊक! जीप काढली. स्टेशनमागची बोळ, बाजार, बंद पडलेलं हॉटेल. गर्द विकणाऱ्यांचे सगळे अड्डे पालथे घातले. माणूस सापडू नये म्हणून देवाचा धावा करत शोध घेतलेली ही माझी एकमेव केस. नाही सापडला.

हात हलवत परतलो. ठाण्याच्या मागे जप्त टेम्पोच्या आडोशाला तो गुडघे पोटाशी घेऊन थरथरत बसला होता.

"हितं काय करतोस?"

"भाईर पडलो असतो, तर पाय तिकडंच वळलं असतं, सायब. हितं इकायला कोण येतंय?"

पंचांना पुन्हा बोलावून कपाटाचं सील काढलं. डॉक्टर बाईंनी त्याला गोळी दिली.

खबर मिळाली की आधी चार प्रश्न विचारायचे, हे त्यातून शिकलो. पण ठाणं कशासाठी असतं, हे त्या दिवशी ठाणेदारापेक्षा त्याला जास्त कळलं होतं.