सशांची जागा

तोर्किलने एकेचाळीस वर्षं पंप चालवला. व्हेस्टरकोग गावच्या समुद्रबांधाआडच्या सखल कुरणात पाणी शिरलं की ते उपसायचं आणि परत समुद्रात फेकायचं, एवढंच त्याचं काम. समुद्राशी त्याचा उभा दावा होता. बायको म्हणायची, "लग्न माझ्याशी केलंस, संसार मात्र त्या पंपाशी."

गावाचं वाचनालय शाळेच्या तळघरात होतं आणि तिथे दोनदा पाणी शिरलं होतं. नवं बांधायला हे कुरण सोडून मोकळी जागाच उरली नव्हती. आराखडा करायला सिग्ने नावाची तरुण मुलगी आली. भर सभेत तिने सांगितलं, भराव घालायचा नाही, डांबर ओतायचं नाही. उलट बांध एका जागी फोडायचा, भरतीला पाणी आत घ्यायचं, ओहोटीला आपसूक जाऊ द्यायचं. मग पंप कशाला?

"पोरी, चोराच्या हाती घराची किल्ली देतेस?" तोर्किल ओरडला. सभा हसली, पण त्याला काही हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सिग्ने पंपघरात हजर. "या पाण्याला तुमच्याइतकं कुणी ओळखत नाही. ते कुठे थांबतं, तेवढं सांगा."

हे त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. त्याने तिला कॉफी दिली आणि कुरणाच्या पश्चिम टोकाला नेलं. तिथे जमीन जराशी वर आली होती, इतकी जराशी की सांगितल्याशिवाय कळू नये.

"पंप दोनदा बंद पडला माझा. दोन्ही खेपेला कुरणातले सगळे ससे इथे येऊन बसले होते. एकाचेही पाय भिजले नाहीत."

सिग्नेने मोजमाप घेतलं, पुन्हा घेतलं, आणि वाचनालय तिथेच उभं राहिलं. लाकडी खांबांवर, जमिनीपासून गुडघाभर उंच. यायला-जायला फळ्यांची वाट. गावाला आयताच विषय मिळाला. "काय तोर्किल, नकाशा सशांनी काढला म्हणे!" ग्रंथपाल बोदिल मात्र हसत नव्हती. "माझी चौदा हजार पुस्तकं तुझ्या सशांच्या भरवशावर आहेत, बरं का."

त्याची झोप उडाली. बांध फोडला त्या दिवशी पंप त्याने स्वतःच्या हाताने बंद केला आणि थंड होईस्तोवर लोखंडावर हात ठेवून उभा राहिला.

नोव्हेंबरात वादळ आलं. भरती दुपारची होती. तोर्किल वाचनालयात पोचला, तेव्हा बोदिल खालच्या फळीवरची पुस्तकं वर चढवत होती. 'गरज नाही' असं म्हणायला त्याची जीभ काही रेटेना. तोही पुस्तकं उचलू लागला.

मग पाणी आलं. आधी चर भरले, मग गवताची पाती तेवढी वर राहिली, मग तीही बुडाली. तोर्किल खिडकीशी खिळून राहिला. एकेचाळीस वर्षं त्याने हे पाणी बाहेर फेकलं, पण ते येतं कसं हे कधी पाहिलंच नव्हतं. अशा वेळी तो नेहमी पंपाच्या खडखडाटात, भिंतीकडे तोंड करून. एवढा मोठा समुद्र, आणि आत येताना इतका सावकाश!

अचानक त्याला ससे आठवले. आपण तर सशांचीच जागा घेतली!

तो बाहेर धावला, फळ्यांवर पालथा पडला आणि डोकं खाली घालून पाहू लागला. पाणी उंचवट्याच्या कडेच्या वीतभर अलीकडे थांबलं होतं. आणि वाचनालयाच्या तळाशी, खांबांच्या मधे, कान पाठीवर टाकून सहा ससे बसले होते. कोरडे ठणठणीत.

"तोर्किल! काय झालं?" दारातून बोदिल ओरडली.

त्याने ओठांवर बोट ठेवलं. "हळू चाल गं. खाली मंडळी बसलीत."

बोदिलने पायातले बूट काढून हातात घेतले.