तळ्यातली उघडी तोंडं

सकाळी फिरायला जाताना मी तळ्यातल्या माशांसाठी कुरमुरे नेते. काल रात्रभर उकडलं होतं. पहाटे पाण्यावर जिकडेतिकडे माशांची तोंडं उघडझाप करत होती. मी मूठ भरली, तोच शेवंतामावशी होडीतून ओरडल्या, "ताई, टाकू नका! भूक नाही, दम लागलाय त्यांना."

हे मासे त्यांनीच सोडलेले. मावशींचं घर या माशांवरच चालतं. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्या वल्ह्याने पाणी झोडपत होत्या. मी पिशवीला गाठ मारली आणि काठावरची जलपर्णी ओढायला लागले.

"कंबर सांभाळा हो!" मावशी हसल्या.

घरातही कुणी कासावीस दिसलं की मी आधी ताट वाढते. खिडकी उघडायचं नंतर सुचतं.

ऊन चढलं, पाण्यातलं शेवाळ पुन्हा प्राणवायू सोडू लागलं, तसं एकेक तोंड खाली गेलं. तळं रिकामं दिसू लागलं, आणि आम्हा दोघींना हायसं वाटलं.