गणिताच्या बाईंचा नवा अल्बम

आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंइतकं आवाजाला भिणारं माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात दुसरं नसेल. स्टाफरूममध्ये कुणी चहा फुरकून प्यायला तरी त्या वहीतून मान वर करून नुसत्या बघत, आणि पुढचा चहा तो माणूस थंड करूनच पिई. शिकवत इतक्या हळू, की मागच्या बाकावरची पोरं आपणहून पुढं येऊन बसत. जवळा बाजार गावी एका लग्नात त्या थेट डीजेवाल्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या आणि "जरा तकलीफ व्हते हो," एवढंच म्हणाल्या. त्यानं मुकाट्यानं आवाज कमी केला. नवरदेवाचे मित्र अजूनही त्यांना ओळख देत नाहीत.

म्हणूनच गेल्या महिन्यात माझ्या लेकीनं पुण्याहून एका जोडीचा गाण्यांचा नवा अल्बम पाठवून "आई, ह्या तुमच्याच बाई ना?" असं विचारलं, तेव्हा मी चष्मा लावून फोटो मोठा केला. कव्हरवर बाई आणि त्यांची भाची, दोघींच्या गळ्यात इलेक्ट्रिक गिटार, दोघींची नजर आपापल्या चपलांवर. गाणं लावलं. हळद पॉलिश करायचे दहा ड्रम एकदम फिरावेत तसा गिटारींचा गडगडाट, आणि त्याच्या तळाशी बाईंचा बारीक आवाज. शब्द एक कळेल तर शपथ.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये दोघीच होतो, तेव्हा मी विचारलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "हा दुसरा हाय. पहिला कुणी ऐकलाच न्हाई." पन्नाशीत भाचीकडून गिटार शिकल्या म्हणे.

"पण बाई, शब्दच ऐकू येत नाहीत."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "आईला शेवटची दोन वर्षं ऐकू येत नव्हतं. साधी विचारपूस बी वरडून करावी लागायची. मायेनं, हळू बोलायचं राहूनच गेलं बघा. ते आता बोलून घेतलं. कुणाला कळावं म्हणून न्हाई."

तासाची घंटा झाली, त्या वर्गावर गेल्या.

त्या संध्याकाळी मी दार लावून आवाज पूर्ण वाढवला. चौथ्या गाण्यात गिटारी क्षणभर ओसरतात, आणि तेवढ्यात बाई ऐकू येतात, अगदी शेजारी बसून बोलल्यासारख्या: "आई, ऊन आलंय. आत चल."

मग पुन्हा काहीच कळत नाही.